उद्या ये

आमच्या नातेवाइकांत मला 'भुतांची मावशी' असे नाव आहे. हे नाव मी कमावलेले आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बँकेतील नोकरीची सदतीस वर्षे मी आकड्यांत घालवली आणि संध्याकाळी घरी आल्यावर वेताळ, मुंजे, ब्रह्मसमंध आणि जखिणी यांच्या सहवासात मन रमवले. २०२४ च्या आषाढात एका रविवारी माझा भाचा मारेडपल्लीच्या घरी जेवायला आला, तेव्हा आमटी वाढून घेता घेता त्याने जी मागणी केली तिचे मला आश्चर्य वाटले नाही ते यामुळेच.

"मावशी, आम्ही सात-आठ दोस्त दर अमावास्येला जमतो. दिवे बंद करायचे, एक सिनेमा, एखादा गेम आणि एक गोष्ट. आता आमचा साठा संपला. तू यादी करून दे. पण खरंच भीती वाटली पाहिजे हां, उगाच हौलापन नक्को."

भाचा गच्चीबावलीच्या एका संगणक कंपनीत आहे. जन्म सिकंदराबादचा, शाळा इंग्रजी, मित्र तेलुगू, शिव्या दखनी; मराठी वाचतो, पण बोट ठेवून. त्याला यादी देणे म्हणजे मला वाटले दहा मिनिटांचे काम. प्रत्यक्षात त्या यादीला तीन महिने लागले, आणि ज्या कारणाने लागले ते इथे लिहावे की न लिहावे याचा निर्णय व्हायला आणखी वर्ष गेले.

सुरुवात अर्थातच मी कथांपासून केली. भयाचे खरे घर कथा हेच आहे, असे माझे मत आहे. कादंबरीत माणूस भीतीला सरावतो. पाचशे पाने कोणी भेदरलेले राहू शकत नाही; दीडशेव्या पानावर तो उठतो, चहा करतो, आणि भूत बिचारे वाट पाहत बसते. कथेत ती सवड मिळत नाही.

पहिले नाव मी लिहिले ते रवींद्रनाथांच्या 'क्षुधित पाषाण'चे. १८९५ सालची ही कथा घडते आपल्या निजामाच्या मुलुखात, हे इथल्या फार थोड्या मराठी वाचकांच्या ध्यानात असते. जुनागढची नोकरी सोडून निजाम सरकारच्या सेवेत आलेला, कापसावरील कर गोळा करणारा एक तरुण अधिकारी, आणि शुस्ता नदीकाठचा एक ओसाड संगमरवरी महाल. गावाचे नाव बरीच. (हे नाव वाचून मराठी माणसाला प्रथम हसू येते. बरीच म्हणजे किती, असे माझ्या वडिलांनी विचारले होते.) महालाची कल्पना रवींद्रनाथांना सुचली ती अहमदाबादच्या शाहीबागेतील वाड्यात, जिथे ते १८७८ मध्ये आपल्या थोरल्या भावाकडे राहिले होते, पण तो महाल त्यांनी उचलून ठेवला आपल्याकडे. कचेरीतील वृद्ध कारकून त्या अधिकाऱ्याला बजावतो की महालात रात्र काढू नका. तो अर्थातच काढतो. पुढे काय होते ते सांगत नाही; मात्र ही सारी हकीकत सांगितली जाते ती एका रेल्वे जंक्शनच्या प्रतीक्षागृहात, गाडी उशिरा आहे म्हणून. आणि ऐन मोक्याच्या वेळी गाडी येते, सांगणारा निघून जातो, गोष्ट अर्धी राहते. मी रेल्वेवाल्याची मुलगी. सिकंदराबादला वाडीहून लोहमार्ग आला १८७४ साली, आणि त्या स्थानकाच्या बाकड्यांवर अशा किती गोष्टी गाडी आली म्हणून अर्ध्या राहिल्या असतील, हा विचार तिथून जाताना दर वेळी माझ्या मनात येई. कमानींची ती जुनी इमारत २०२५ साली नव्या स्थानकासाठी पाडली. आता बाकडी कुठली असतील कोण जाणे.

दुसरे नाव डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जच्या 'द मंकीज पॉ'चे, १९०२ सालच्या. माकडाचा वाळका पंजा, त्याच्यावर तीन इच्छा. हा पंजा इंग्लंडातील त्या घरात आणून देतो तो हिंदुस्थानात एकवीस वर्षे काढून परतलेला एक सार्जंट-मेजर, आणि पंजावर मंत्र घातलेला असतो एका फकिराने. आमच्या छावणीत, तिरमलगिरी-बोलारमच्या लष्करी वस्त्यांत, असे सार्जंट-मेजर पिढ्यानपिढ्या राहून गेले. त्यांनी इथून काय काय नेले असेल! कथेतील भय मात्र पंजात नाही, दाराच्या कडीत आहे. रात्री दारावर थाप पडते. म्हातारी आई दार उघडायला धावते, कारण बाहेर आपला मेलेला मुलगा आहे अशी तिची खात्री आहे. आणि म्हातारा बाप जमिनीवर चाचपडत तो पंजा शोधतो, कारण बाहेर काय आहे याची त्यालाही खात्री आहे. एकाच थापेची दोघांना दोन प्रकारे खात्री असणे, ही भयकथेतील सर्वांत मोठी करामत मला वाटते.

मग मराठी. इथे मला आईविषयी सांगणे भाग आहे, कारण मराठी भयकथा मला आईने दिली.

आम्ही लालागुड्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होतो. वडील महिन्यातून एकदा बसने हैदराबादेतील मराठी ग्रंथसंग्रहालयात जात आणि पिशवीभर पुस्तके आणत. त्यांच्यासाठी चरित्रे, आमच्यासाठी साने गुरुजी, आणि आईसाठी नारायण धारप. आई भाताला आधण ठेवून ओट्याशी उभी राहून धारप वाची. भात लागला तर घरात समजे की पुस्तक चांगले आहे. ती कशालाही भीत नसे. वडिलांची रात्रपाळी असली की मध्यरात्री मागच्या अंगणात कंदील घेऊन एकटी जाई. मात्र तिचा एक नियम होता: भुताची गोष्ट वाचताना पाय पांघरुणात घ्यायचे. "बाकी कुठे काय करत नाही ग ते, पण उघड्या पायाला हात लावतं," असे ती अगदी सहज, जणू दूध उतू जाण्याविषयी बोलावे तसे सांगे. आजही मी पाय बाहेर ठेवून भयकथा वाचू शकत नाही.

धारपांविषयी (१९२५–२००८) माझे मत भाच्याला पटले नाही, पण इथे नोंदवते. त्यांचा 'समर्थ' हा मांत्रिक नायक वाचकांचा लाडका, माझा नाही. समर्थ दारात आले की भीती मागल्या दाराने जाते. आता हा सगळे निस्तरणार, हे आपल्याला ठाऊक असते. धारप खरे भयंकर होतात ते समर्थ नसताना, जेव्हा साधासुधा, कर्ज काढून घर घेतलेला माणूस त्या घरात एकटा सापडतो. त्यांनी परकीय बीजे पुष्कळ आणली; 'लुचाई'च्या मागे स्टीफन किंगची 'सालेम्स लॉट' ही १९७५ ची कादंबरी आहे, हे आता सर्वांना ठाऊक आहे. काही जण त्यावरून नाक मुरडतात. पण परक्या मातीतले भूत आपल्या वाड्यात, आपल्या माजघरात, आपल्या भाषेत वावरायला शिकवणे सोपे नसते. पुष्कळांची भुते मराठीत येऊनही इंग्रजीत कण्हतात.

रत्नाकर मतकरींचे तसे नाही. त्यांच्या गूढकथेत भुताची गरजच अनेकदा भासत नाही. चाळीतील, फ्लॅटमधील मध्यमवर्गीय माणूस, त्याच्या मनातील एक कोंदट कोपरा, आणि तिथून निघालेली एक वाकडी वाट. 'खेकडा' हा संग्रह मी भाच्याला वाचायला दिला, त्याने आठ दिवस बोट ठेवून वाचला आणि फोन करून म्हणाला, "मावशी, यात तर सगळे आपल्यासारखेच लोक आहेत." तेच तर म्हणत होते मी. मतकरी २०२० च्या मे महिन्यात करोनाने गेले. त्या दिवसांत आमच्या घरात काय चालले होते ते पुढे येईलच.

चित्रपटांच्या बाबतीत मी जरा कंजूष आहे. मोठ्या आवाजाने दचकवणे आणि घाबरवणे यांत फरक आहे, आणि बहुतेक चित्रपट पहिल्यावर समाधान मानतात. दचकणे हे तर फटाक्यानेही होते. 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) आम्ही सगळ्यांनी पाहिला, गाणी अजून गुणगुणतो, पण शेवटी सगळ्याचा उलगडा करून देणारे भूत मला परवडत नाही. रामगोपाल वर्मा हे आपल्या हैदराबादेत व्हिडिओ कॅसेटचे दुकान चालवलेले गृहस्थ. त्यांचा १९९२ चा 'रात', जो तेलुगूत 'रात्रि' म्हणून आला, तो मात्र मी यादीत घातला. त्यातला कॅमेरा घरातून असा सरपटत फिरतो की तोच कोणीतरी आहे असे वाटते, आणि रेवतीचा चेहरा बाकी सारे करतो. मराठीत विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७). पुढे त्यांनीच तो हिंदीत 'छोरी' या नावाने केला, पण मराठीच पाहावा. गरोदर बाई, उसाचे रान, आणि त्या रानात लपाछपी खेळणारी मुले. ज्याने डोक्याच्या वर गेलेल्या उसात एकदा वाट चुकून पाहिली आहे त्याला त्यात काय भिण्यासारखे आहे हे सांगावे लागत नाही. आणि मुले कोण आहेत हे कळले की भीतीच्या जागी शरम येते. ती भीतीपेक्षा जास्त टिकते.

'तुंबाड'चे नाव मी लिहिले आणि खोडले. भाच्याने विचारले, "ये क्या? तूच तर मला दाखवलास." मी म्हटले, नंतर बोलू.

मध्यंतरी त्याने त्याचा वाटा माझ्यासमोर ठेवला. गेम म्हणजे बंदुकीने राक्षस मारणे, एवढीच माझी समजूत होती. तो म्हणाला, "तसले नक्को, इंडी गेम दाखवतो." म्हणजे मोठ्या कंपन्यांनी शेकडो माणसे लावून केलेले खेळ नव्हेत, एक-दोन किंवा दहा-पंधरा माणसांनी आपल्या कल्पनेने, आपल्या हिमतीवर केलेले. मला हे ऐकून आपली अनियतकालिके आठवली. त्याने माझ्या कानांवर हेडफोन चढवले, खोलीतला दिवा घालवला आणि मला 'ॲम्नीजिया' नावाच्या खेळात सोडून दिले. स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्स या छोट्या संस्थेचा २०१० चा हा खेळ. जुना किल्ला, हातात कंदील, कंदिलातले तेल संपत चाललेले, शस्त्र नाही. अंधारात राहिले की मनाचा तोल जातो, उजेडात राहिले की 'ते' आपल्याला पाहते. आणि त्याच्याकडे आपण पाहिले तरी तोल जातोच. लपायचे तेवढे हातात. मी बारा मिनिटांत हेडफोन काढले. पण एक गोष्ट मला त्या बारा मिनिटांत समजली. पुस्तकात माजघराचे दार पात्र उघडते, आपण फक्त 'नको, नको' म्हणतो. इथे दार मलाच उघडायचे होते. कळ माझ्या बोटाखाली होती. मी ती दाबली नसती तर काहीच घडले नसते, आणि तरीही मी ती दाबली.

'डिटेन्शन' हा तैवानच्या रेड कँडल गेम्सचा २०१७ चा खेळ मला याहून आवडला. १९६० च्या दशकातील शाळा, लष्करी कायदा, बंदी घातलेली पुस्तके गुपचूप वाचणारी मुले आणि त्यांचा शिक्षक, आणि कोणीतरी केलेली चुगली. त्यातील भुते जवळून जातात तेव्हा श्वास रोखून उभे राहायचे असते. मीही खुर्चीत श्वास रोखून बसले होते, हे भाच्याने नंतर हसत सांगितले. चुगली कोणी केली हे उमगते तेव्हा भुतांची भीती संपते आणि दुसरीच सुरू होते. भयकथेत इतिहास इतका नेमका बसलेला मी क्वचित पाहिला आहे. रझाकारांच्या दिवसांवर आपल्या निजाम इलाख्यात अशी एखादी भयकथा का झाली नाही, हा प्रश्न मी त्या रात्री झोपताना घेऊन गेले. आपल्याकडे साहित्य कमी नव्हते, घरे होती, फितुरीही होती.

आणि मग त्याने 'ॲनॅटमी' लावला. किटी हॉररशो या टोपणनावाने खेळ करणाऱ्या एका व्यक्तीचा हा २०१६ चा खेळ, जेमतेम तासाभराचा. एक रिकामे, अंधारे घर. त्यात जागोजागी ध्वनिफिती ठेवलेल्या. एक फीत सापडली की ती स्वयंपाकघरातल्या यंत्रावर ऐकायची. फितीत एक बाई शांत आवाजात, शाळेत धडा द्यावा तशी, घर आणि मानवी शरीर यांची तुलना करत जाते. कोणती खोली म्हणजे कोणता अवयव. बस्स, एवढेच. कोणी येत नाही, कोणी ओरडत नाही. मग खेळ आपोआप बंद पडतो. पुन्हा सुरू करावा, तर घर तेच, पण थोडे बिघडलेले. फिती थोड्या फाटक्या आवाजाच्या. परत बंद. परत सुरू. घर काहीतरी विसरत चालले आहे असे मला वाटू लागले.

मी तो खेळ शेवटापर्यंत खेळले. दिवा लावला तेव्हा भाच्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "आज्जी आठवली ना?"

२०१८ च्या अखेरीस आईचे विसरणे सुरू झाले. आधी नावे, मग गॅस, मग वडील वारले आहेत हे. २०१९ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ती पलंगावर बसून दाराकडे बोट दाखवून म्हणाली, "तो बघ, उभा आहे." दारात कोणी नव्हते. डॉक्टरांनी सांगितले की अशा आजारात नसलेली माणसे दिसतात, विशेषतः दिवेलागणीनंतर. घाबरू नका, वाद घालू नका. तो कोण, कसा दिसतो, हे तिने कधी सांगितले नाही. फक्त उभा असायचा. कधी ती त्याला खुर्ची द्यायला सांगे, कधी भिंतीकडे सरकून माझा हात घट्ट धरी. ज्या बाईने आयुष्यभर अंगणात एकटीने कंदील नेला, तिला मी प्रथमच भ्यालेली पाहत होते. आणि मला, साठीला आलेल्या भुतांच्या मावशीला, त्या रिकाम्या चौकटीकडे पाहायचे धैर्य होत नसे. आपल्याला न दिसणारे कोणाला तरी दिसते आहे, यापेक्षा भयंकर असे कोणत्याही पुस्तकात मी वाचलेले नाही.

आईला सांभाळायला एक तेलुगू बाई येत, आम्ही त्यांना अक्का म्हणत असू. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि त्यांचे येणे बंद झाले. बहीण मलकाजगिरीला, तिच्या घरी करोना. मी आणि आई, दोघीच. आई रात्रभर जागी असे. ती उठे, दाराकडे जाई, पडे. भरवायला गेले तर तोंड फिरवी. सलग चौथ्या रात्री, अडीच-तीनच्या सुमारास, भाताची वाटी तिने भिंतीवर फेकली तेव्हा मी तिला म्हणाले, "निजतेस की नाही? नाही निजलीस तर तो आत येईल."

ती निजली. तत्काळ, डोळे गच्च मिटून, लहान मुले झोपेचे सोंग घेतात तशी. आणि मी पाहिले, तिने दोन्ही पाय ओढून पांघरुणात घेतले.

ते पाहूनही मी दुसऱ्या रात्री तेच म्हणाले. तिसऱ्याही. मी दमले होते, हे खरे. पण खरे तेवढेच नाही. ते उपयोगी पडत होते. पुढे पुढे मला 'तो' एवढेच म्हणावे लागे आणि ती वाटीतला भात मुकाट्याने संपवी. मतकरी गेल्याची बातमी मी अशाच एका रात्री मोबाइलवर वाचली. गूढकथेची शेवटची ओळ वाचून वर पाहावे तसे मी वर पाहिले, तर आई डोळे मिटून पडली होती आणि तिच्या पापण्या हलत होत्या.

जूनमध्ये अक्का परत आल्या. पहिल्याच रात्री त्यांनी हा प्रकार पाहिला. मला काही बोलल्या नाहीत. आईजवळ बसून तेलुगूत विचारले, कोण येतो, बाई की पुरुष? आई म्हणाली, पुरुष. मग त्यांनी माझ्याकडे काव मागितली. तुळशीवृंदावनासाठी आणलेली काव घरात होती. ती कालवून त्यांनी आईच्या खोलीच्या दारावर, बाहेरच्या बाजूने, बोटाने तेलुगूत दोन शब्द लिहिले.

नव्वदच्या दशकात ज्यांनी हे शहर पाहिले आहे त्यांना हे शब्द सांगायला नकोत. त्या वर्षांत तेलुगू गावांमधून, आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांतूनही, अफवा पसरली होती की रात्री एक स्त्री दार ठोठावते आणि उघडणारा जगत नाही. लोकांनी दारांवर लिहून ठेवले: 'ओ स्त्री, रेपु रा.' बाई ग, उद्या ये. ती येते, वाचते, आणि परत जाते. उद्या पुन्हा येते, पुन्हा तेच वाचते. कर्नाटकात हेच 'नाळे बा' म्हणून लिहीत. २०१८ साली 'स्त्री' या हिंदी चित्रपटाने ही कल्पना चंदेरीला नेली आणि तिच्यावर लोक पोट धरून हसले. नव्वदमध्ये बँकेत जाता-येता ती दारे पाहून मीही हसत असे. सुशिक्षित माणसाचे हसणे. अक्कांनी 'ओ स्त्री' गाळले, कारण येणारा पुरुष होता. 'रेपु रा' तेवढे लिहिले.

आईला तेलुगू बोलता येई, वाचता येत नसे. "काय लिहिलं?" तिने विचारले. अक्कांनी सांगितले. आई बराच वेळ दाराकडे पाहत राहिली, मग मला म्हणाली, "बरं केलं. उद्या ये म्हणावं. आज भात नाही उरलेला."

त्यानंतर तो दिसायचा थांबला असे नाही. दिवेलागणीला ती दाराकडे पाही, "आला होता," असे सांगे, पण तेच आता घंटी वाजवून गेलेल्या फेरीवाल्याविषयी बोलावे तसे सांगे. जानेवारी २०२२ मध्ये ती गेली, दुपारी, झोपेत. त्या दोन महिन्यांतल्या रात्रींविषयी मी कोणालाही सांगितले नव्हते, बहिणीलाही नाही.

'तुंबाड' पुन्हा चित्रपटगृहांत लागला १३ सप्टेंबर २०२४ ला. पहिल्यांदा, ऑक्टोबर २०१८ मध्ये, मीच भाच्याला तो दाखवायला नेले होते. तेव्हा मी मोठ्या उत्साहात होते. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. मुळाशी धारपांची 'आजी' ही कथा, जी राही अनिल बर्वे यांनी १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून ऐकली. धारपांची ती कथाही किंगच्या 'ग्रॅमा'वरून घेतलेली. आणि दिग्दर्शक म्हणजे 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचे चिरंजीव. हे सगळे मी मध्यंतरात त्याला ऐकवले होते. त्याला कौतुक याचे की संगीत देणारा येस्पर क्यूड हा 'हिटमॅन' आणि 'असॅसिन्स क्रीड' या खेळांचा संगीतकार. दोघांनाही आपापले काही सापडले म्हणून आम्ही खूश होऊन बिर्याणी खाल्ली होती.

२०२४ मध्ये तो तिकिटे काढूनच आला. चित्रपटाचा पहिला भाग ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवेल: पाऊस, मोडका वाडा, साखळदंडात जखडलेली एक म्हातारी. तिला वेळेवर भरवायचे असते. तिने जागे होता कामा नये. ती उठलीच, तर तिला झोपवण्याचा एकच उपाय घरच्यांना ठाऊक असतो, आणि तो म्हणजे एक नाव घेऊन तिला भीती घालणे. मग एका रात्री ते काम लहान मुलावर येते.

मी उठले. अंधारात लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत बाहेर आले आणि पॉपकॉर्नच्या काउंटरशेजारच्या बाकावर बसले. थोड्या वेळाने भाचा आला. मी त्याला सगळे सांगितले; जसे इथे लिहिले तसे नाही, तुटक तुटक. तो ऐकत राहिला. मग म्हणाला की 'रेलिक' नावाचा एक ऑस्ट्रेलियन सिनेमा आहे, २०२० चा, नॅटली एरिका जेम्सचा. जपानमधल्या आपल्या विस्मृत होत चाललेल्या आजीवरून तिला तो सुचला. आजी, आई, मुलगी आणि आत आत अरुंद होत जाणारे घर. तो त्याने दोनदा लावून अर्ध्यावर बंद केला होता. "पाहायला तुझ्याकडे येऊ?" त्याने विचारले.

पुढच्या रविवारी आम्ही तो पाहिला. दिवा चालू ठेवून. शेवट मी सांगणार नाही. एवढेच की माझ्या यादीतल्या सगळ्या चित्रपटांत त्या शेवटात जे भय आहे ते सर्वांत हळू आवाजाचे आहे, आणि तो संपल्यावर भाच्याने टीव्ही बंद करायला पाच मिनिटे घेतली.

यादी त्या दिवशी पुरी झाली. 'तुंबाड' मी परत लिहिला. कागद घेऊन भाचा आईच्या खोलीपाशी गेला. खोली आता पुस्तकांची आहे, दार मात्र अजून तेच, आणि काव फिकी पडली असली तरी अक्षरे लागतात. त्याला तेलुगू मराठीपेक्षा सफाईने वाचता येते. त्याने ती बोट न ठेवता वाचली, कागद दारावर टेकवून 'कथा' या रकान्यात सर्वांत खाली तेच दोन शब्द तेलुगूत लिहिले आणि लेखकाच्या नावाची जागा मोकळी सोडली.

"अक्कांचं नाव घालू?" त्याने विचारले.

मी म्हटले, त्यांनाच विचार, बुधवारी येतील. कुकरची तिसरी शिटी झाली म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.